वाद्यांचा गजर व कानांचें रक्षण

परमेश्वरानें डोळ्यांस पापण्या दिल्या, परंतु कानांस दिल्या नाहींत. झगझगीत उजेड समोर आला कीं डोळा आपोआप मिटतो. कान मात्र रात्रंदिवस उघडाच असतो. रानांत राहणाऱ्या मनुष्यास हें उपकारक होतें. अंधारांत वाघाची चाहूल डोळ्यांस लागत नसे, ती कानांस लागे, आणि झोंपेंतही कान पहाऱ्यावर असे. त्या काळीं रानांत विजेचा कडकडाट सोडला तर कानास इजा करील असा नाद क्वचितच होता, आणि कडकडाटही क्षणभराचा. तासन् तास चालणारा प्रचंड नाद ही मनुष्यानें स्वतः निर्माण केलेली वस्तु आहे. तिच्याकरितां पापणीही त्यानेंच करावयास पाहिजे. अशी पापणी कशी असते व ती कां लावावी, ह्याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कांहीं सांगावें असा ह्या लेखाचा उद्देश आहे.

मुरबाड व शहापूर ह्या तालुक्यांत लग्नसराई सुरू झाली म्हणजे संध्याकाळीं कोणत्या गांवांत हळद आहे हें कोणास विचारावें लागत नाहीं. धसईच्या बाजारपेठेंत उभें राहिलें तरी आसपासच्या पाड्यांवरचा ठोका ऐकूं येतो, आणि पूर्वेकडे सह्याद्रीची भिंत असल्यामुळें कांहीं ठिकाणीं तो पुन्हां उलटूनही येतो. पूर्वीं मंडपांत धवळारीण बसे. तिच्या मुखांतून धवळे निघत, त्यांत देवांस आमंत्रणें असत, वर-वधूंस उपदेश असे, आणि तें सारें ऐकण्याकरितां बायका गप्प बसत. कोठें कोठें ती अद्यापि बसते. परंतु तिच्या मागेंच बेंजो पार्टी किंवा डीजेचे कर्णे उभे असले म्हणजे बिचारीचा आवाज तिच्या शेजारणीसही पोंचत नाहीं. पौष पौर्णिमेस म्हशाच्या यात्रेंत गुरांचा बाजार भरतो. तेथेंही पाळणे व तंबू ह्यांच्यापुढें ध्वनिवर्धकांची चढाओढ चालते. गणपति-विसर्जनाची मिरवणूक तर सर्वांच्या परिचयाची आहे.

आम्ही आनंदाचे शत्रु नाहीं. लग्नांत वाजंत्री वाजावी, मुलांनीं नाचावें, ह्यांत वावगें कांहींच नाहीं. मुलांस हळदीस पाठवूंच नका असें सांगणारे कांहीं शिक्षक आहेत. तो उपदेश आम्हांस पटत नाहीं, आणि तो कोणी ऐकतही नाहीं. परंतु हळदीच्या दुसऱ्या दिवशीं वर्गांत बसलेल्या मुलास हांक मारली असतां तें दोनदां "काय?" म्हणून विचारतें, ह्याकडे दुर्लक्षही करवत नाहीं. त्याच्या कानांत दडे बसलेले असतात. कोणाच्या कानांत कुंई असा सूर चालू असतो. दोन दिवसांनीं हें सारें ओसरतें व मुलगा म्हणतो, झालें, कान मोकळा झाला. तो खरोखरच पूर्वींसारखा झाला काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचें उत्तर समजण्यास कानाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

आवाज म्हणजे हवेची थरथर. ती कानाच्या नळींतून जाऊन पडद्यावर आदळते. पडद्याच्या पलीकडे तीन इवलीशीं हाडें एकमेकांस लागून असतात. त्यांच्या आकारावरून त्यांस हातोडी, ऐरण व रिकीब अशीं नांवें पडलीं आहेत. रिकीब हें मनुष्याच्या शरीरांतील सर्वांत लहान हाड असून त्याची लांबी सुमारें ३ मिलिमीटर असते, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही कमी. हीं हाडें तो थरकांप आंतल्या शंखाकृति नलिकेस पोंचवितात. ह्या नलिकेंत पाण्यासारखा द्रव असून तिच्या तळाशीं केशपेशींच्या रांगा असतात. प्रत्येक कानांत अशा पेशी सुमारें १५,००० आहेत. प्रत्येकीच्या माथ्यावर अतिसूक्ष्म लोमांचा झुबका असतो. द्रव हलला कीं हे झुबके वाऱ्यानें भाताचीं रोपें लवावीं तसे लवतात, पेशींतून मज्जातंतूस इशारा जातो, आणि आपण म्हणतों, "ऐकूं आलें."

आतां हीच उपमा पुढें चालवावी. मंद वाऱ्यानें भात डोलतो व पुन्हां उभा राहतो. आश्विनांत वादळी पाऊस आला म्हणजे तो आडवा होतो. दोन दिवस ऊन पडलें तर त्यांतला कांहीं पुन्हां उठतो, कांहीं तसाच कुजतो. दडे बसणें म्हणजे भात आडवा होणें. कान मोकळा होणें म्हणजे त्यांतील बराचसा उठणें. जी पेशी मेली ती मात्र मेलीच, कारण मनुष्याच्या कानांत नवीन केशपेशी उगवत नाहींत. कोंबडीच्या पिलांच्या कानांत त्या पुन्हां उगवतात असें १९८० नंतरच्या दशकांत शास्त्रज्ञांच्या ध्यानीं आलें, आणि तेव्हांपासून मनुष्याच्या कानांतही तसें घडवून आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते अजून फळास आलेले नाहींत. ह्या एका बाबतींत कोंबडी आपल्याहून भाग्यवान् आहे.

याहून चिंता वाटावी अशी गोष्ट २००९ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें शेरॉन कुजावा व चार्ल्स लिबरमन ह्या संशोधकांनीं दाखवून दिली. त्यांनीं उंदरांस दोन तास मोठा आवाज ऐकविला. कांहीं दिवसांनीं त्यांची श्रवणशक्ति तपासली तेव्हां ती पूर्ववत् दिसली. केशपेशीही शाबूत होत्या. परंतु त्या पेशी व मज्जातंतु ह्यांस जोडणारे सांधे पुष्कळ प्रमाणांत कायमचे तुटलेले आढळले. म्हणजे साधी परीक्षा "सर्व ठीक" असें सांगत असतां आंत तारा तुटलेल्या असूं शकतात. मनुष्यांत हें कितपत घडतें याचा शोध चालू आहे. एवढें खरें कीं दोन दिवसांनीं कान मोकळा वाटला म्हणून सारें पूर्ववत् झालें असें खात्रीनें म्हणतां येत नाहीं.

मोठ्या आवाजानें प्रथम बिघडतात त्या उंच स्वर ऐकणाऱ्या पेशी. त्यामुळें आरंभीं कोणास कांहीं कळत नाहीं. ढोल ऐकूं येतो, मोटारीचा भोंगा ऐकूं येतो. जातात तीं स, श, फ, थ ह्यांसारखीं हलकीं व्यंजनें. सात म्हटलें कीं आठ, अशी गत होऊं लागते. मग माणूस म्हणतो, "हल्लीं लोक पुटपुटत बोलतात." वर्गांत मागच्या बांकावर बसलेल्या मुलास फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या शिक्षकाचें अर्धें बोलणें ह्याच रीतीनें गळतें, आणि तो मंदबुद्धि ठरतो. ज्यांच्या पाल्यांस अलीकडे अभ्यासांत लक्ष नाहीं अशी तक्रार आहे, त्यांनीं छडी उगारण्यापूर्वीं त्यांचे कान एकदां तपासून घ्यावे.

आवाज मोजण्याचें माप डेसिबल होय. ह्या मापांत एक खुबी आहे व ती न समजल्यामुळें पुष्कळांची फसगत होते. ८० चे ९० झाले म्हणजे आवाज आठव्या हिश्शानें वाढला असें नव्हे. त्याची शक्ति दसपट झाली. केवळ ३ डेसिबल वाढले तरी ती दुप्पट होते. साधें संभाषण ६० डेसिबलच्या सुमारास असतें. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठीं ८ तास ऐकणें ही साधारणतः सुरक्षिततेची सीमा मानतात. ह्यापुढें दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला पाव तास. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें गणित पुढें चालवावें: १०३ ला किती? साडेसात मिनिटें. कर्ण्यांच्या भिंतीपुढें नाचणाऱ्यांच्या कानांवर १०० हून अधिक डेसिबल पडणें ही विशेष गोष्ट नव्हे, आणि नाच तर तीन-चार तास चालतो.

मोजण्याचें यंत्र जवळ नसलें तरी एक सोपी कसोटी आहे. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशीं ओरडल्यावांचून बोलतां येत नसेल, तर आवाज ८५ च्या वर गेला असें समजावें. छातींत धडधड जाणवूं लागली म्हणजे तर शंकाच नको.

आतां उपाय. कानांत बोळा घालण्याची कल्पना नवी नाहीं. ग्रीक कवि होमर ह्याच्या काव्यांत ओडिसिअस आपल्या खलाशांच्या कानांत मेण घालतो, म्हणजे सायरेनांच्या मोहक गाण्यानें ते भुलूं नयेत. अर्वाचीन काळीं जर्मनींत बर्लिन शहरीं मॅक्स नेगव्हर ह्या औषधविक्रेत्यानें मेण व कापूस ह्यांचे बोळे करून विकण्यास आरंभ केला. तें साल १९०७ च्या सुमाराचें. पहिल्या महायुद्धांत तोफांच्या आवाजापासून बचावण्यास शिपायांनीं ते वापरले. १९७० नंतरच्या काळांत दाबला असतां दबणारा व सोडला असतां हळूहळू पुन्हां फुगणारा फेस निघाला व त्याचे बोळे झाले. तेच आज इअरप्लग ह्या नांवानें स्वस्तांत मिळतात. पुढें १९८८ मध्यें वादकांकरितां निराळ्या प्रकारचे बोळे निघाले. साधा फेसाचा बोळा उंच स्वर अधिक अडवितो व खर्ज कमी, त्यामुळें गाणें गोधडींतून ऐकल्यासारखें येतें. वादकांचे बोळे सर्व स्वर सारख्या प्रमाणांत कमी करतात. गाणें तेंच राहतें, फक्त दूर गेल्यासारखें वाटतें. त्यांची किंमत अर्थात् अधिक असते.

आमच्या इकडील पुष्कळ वादक कानांत कापूस कोंबतात. त्यांची बुद्धि बरोबर आहे, साधन मात्र अपुरें आहे. कापसाच्या तंतूंमधून हवा खेळते, व जेथून हवा जाते तेथून आवाजही जातो. त्यानें फार थोडा बचाव होतो आणि बचाव झाला असें समाधान मात्र पुष्कळ होतें. जो मनुष्य एका रात्रीं नाचतो त्याच्याहून जो हंगामभर रोज रात्रीं ताशा किंवा ढोल वाजवितो त्याचे कान अधिक धोक्यांत आहेत. बेंजो पार्टींत वाजविणारीं मुलें पुष्कळदां सोळा-सतरा वर्षांचींच असतात. त्यांच्या पोटाचा धंदा कानांवर चालतो. शेतकऱ्यानें आपले बैल जपावे तसे त्यांनीं कान जपले पाहिजेत.

बोळा घालण्याची रीत महत्त्वाची आहे, कारण चुकीच्या रीतीनें घातलेला उत्तम बोळाही कापसाच्याच पंक्तीस बसतो. प्रथम हात धुवावे. बोळा बोटांच्या चिमटींत धरून वातीसारखा वळावा, असा कीं त्यास सुरकुती राहूं नये. मग उजव्या कानांत घालावयाचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळ वरून धरावी व किंचित् वर आणि मागें ओढावी. असें केलें म्हणजे आंतली वाकडी नळी सरळ होते. ती सरळ असतांनाच बोळा आंत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत बोटाच्या टोकानें तसाच धरून ठेवावा; मनांत सावकाश तीस आंकडे मोजावे. बोळ्याचा बहुतेक भाग आंत गेला पाहिजे, टोक मात्र बाहेर चिमटींत सांपडेल इतकें राहिलें पाहिजे. आरशांत पाहतां तो बटनासारखा बाहेर डोकावत असेल तर बसला नाहीं. आपलाच आवाज घागरींत बोलल्यासारखा घुमला म्हणजे ठीक बसला. काढतांना एकदम ओढूं नये, फिरवीत हळूच काढावा. ज्याचा कान वाहतो किंवा दुखतो त्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून बोळा घालूं नये. एकाचा बोळा दुसऱ्यानें घालूं नये हें सांगणें नलगे, तरी शाळेंत मुलें पाण्याची बाटली जशी वांटून घेतात तें पाहतां सांगितलेलें बरें.

ह्या बोळ्यांचा खराच उपयोग होतो काय, अशी शंका घेणें योग्यच आहे. हॉलंड देशांत अ‍ॅमस्टरडॅम येथें २०१५ च्या सप्टेंबरांत उघड्यावरील एका संगीत-उत्सवांत तिची परीक्षा झाली. ५१ तरुण स्वयंसेवक घेतले. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें निम्म्यांस बोळे दिले, निम्म्यांस दिले नाहींत. साडेचार तास सर्व एकाच ठिकाणीं होते व तेथें आवाजाची सरासरी १०० डेसिबल होती. नंतर कान तपासले. ज्यांनीं बोळे घातले नव्हते त्यांच्या शंभरांतील ४२ कानांची श्रवणशक्ति तात्पुरती उतरली होती; ज्यांनीं घातले होते त्यांच्या शंभरांत ८. कानांत सूर वाजण्याची तक्रारही बोळेवाल्यांत पुष्कळच कमी होती. हा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. आमच्या हळदींतला आवाज त्या उत्सवाहून सौम्य असतो असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

वेष्टनावर ३० किंवा ३३ असा आंकडा छापलेला असतो. तो प्रयोगशाळेंतला, व्यवहारांत निम्मा पदरांत पडला तरी समाधान मानावें. पण निम्मा म्हणजे कांहीं थोडा नव्हे. वर १०३ डेसिबलला साडेसात मिनिटें असें गणित आलें होतें. बोळ्यानें १५ वजा केले म्हणजे राहिले ८८, आणि ८८ ला मर्यादा ४ तासांची. अख्खी हळद त्यांत बसते! त्यांतही कर्ण्यांपासून जितकें दूर जावें तितकें चांगलें. उघड्या मैदानांत अंतर दुप्पट केलें कीं आवाज सुमारें ६ डेसिबलनें उतरतो. दर तासाला दहा-पंधरा मिनिटें मंडपाबाहेर जाऊन चांदण्यांत बसावें. कानांसही विसांवा हवा असतो.

लहान मुलांविषयीं पालकांस स्वतंत्र विनंति आहे. कडेवरच्या मुलास घेऊन कर्ण्यासमोर नाचणारे काका-मामा आम्ही पाहतों. तें मूल रडतें तेव्हां "झोंप आली असेल" असें म्हणतात. त्यास झोंप आलेली नसते, त्याचे कान दुखत असतात. इतक्या लहान मुलांस फेसाचे बोळे घालूं नयेत. ते नळींत नीट बसत नाहींत आणि मूल काढून तोंडांत घालतें. त्यांच्याकरितां कानांवरून बसणारे जाड कानझांकणे मिळतात. तेंही नसेल तर मुलास घेऊन आजीनें घरांत, दूरच्या खोलींत बसावें. ह्यांत कोणाचा मान कमी होत नाहीं.

बोळे मिळतात कोठें? औषधांच्या दुकानांत मिळतात. शिवाय मुरबाडच्या औद्योगिक वसाहतींत ज्या विद्यार्थ्यांचे वडील कामास आहेत त्यांस ही वस्तु नवी असूं नये, कारण गोंगाटाच्या यंत्रांपाशीं काम करणाऱ्यांस असें साधन पुरविण्याची रीत आहे. कारखान्यांसंबंधीं आपल्या देशांतील नियमांत ८ तासांस ९० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि ती वर सांगितलेल्या ८५ हून सैल आहे. तरी मौज अशी कीं, जो बाप दिवसा यंत्रापुढें नियमानें बोळे घालतो तोच रात्रीं पुतण्याच्या हळदींत यंत्राहून मोठ्या आवाजापुढें उघड्या कानांनीं उभा राहतो. बोळे घातले तर लोक हंसतील असें कित्येकांस वाटतें. धसईस ह्या भीतीचें फारसें कारण दिसत नाहीं. डिसेंबर २०१६ मध्यें महाराष्ट्रांतील पहिलें रोकडविरहित गांव म्हणून ह्याच धसईचें नांव वृत्तपत्रांत झळकलें होतें. भाजीवाल्यांपुढें कार्डाचें यंत्र आलें तेव्हांही आरंभीं कोणी हंसलें असेलच.

कायद्याचें थोडक्यांत सांगतों. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत घातली आहे, आणि रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. वर्षांतून कांहीं ठराविक दिवस मात्र राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊं शकतें. सर्वोच्च न्यायालयानें २००५ मध्यें हे निर्बंध उचलून धरले. आपल्याच जिल्ह्यांतील ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर ह्यांनीं ह्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली, आणि ऑगस्ट २०१६ मध्यें न्यायालयानें ध्वनिवर्धक लावणें हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नव्हे असा निर्णय दिला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ मध्यें संगीताच्या ठिकाणांसाठीं १०० डेसिबलची कमाल सरासरी सुचविली असून, श्रोत्यांस बोळे उपलब्ध करून द्यावे व शांत बसण्यास जागा ठेवावी असेंही सांगितलें आहे. मंडपाच्या दारांत अत्तर व गुलाबपाणी ठेवण्याची चाल आपल्याकडे आहेच. त्याच तबकांत बोळ्यांच्या चार पुड्या ठेवल्या तर यजमानास फारसा खर्च पडणार नाहीं.

इतकें करूनही कोणाच्या कानांत दडे बसले, तर निदान दोन-तीन दिवस त्यास पुन्हां गोंगाटांत नेऊं नये व कानांत भ्रमणध्वनीच्या नळ्याही घालूं देऊं नयेत. कोमट तेल, लसणीचा रस वगैरे घरगुती उपचार येथें निरुपयोगी आहेत, कारण इजा पडद्याच्या पलीकडे असते आणि तेल पडद्याच्या अलीकडेच राहतें. दोन दिवसांनींही सूर थांबला नाहीं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांस दाखवावें. आणि एका कानानें एकाएकीं ऐकूं येईनासें झालें तर दोन दिवसही थांबूं नये, त्याच दिवशीं निघावें. अशा बहिरेपणावर जे उपचार आहेत ते पहिल्या कांहीं दिवसांतच लागू पडण्याचा संभव अधिक असतो.